बिनआवाजाचं बोलणं

सिद्धप्पा सोलापुरातल्या एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम होता. एक माग मिनिटाला दीडशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो, आणि आमच्या खात्यात असे तीनशे माग होते. मी तिथे शिकाऊ म्हणून लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी कळलं की इथल्या खडखडाटात ओरडून उपयोग नाही. माणसं नुसते ओठ हलवत, आणि पन्नास पावलांवरचा माणूस हसून मान डोलावत असे. सिद्धप्पा तर काचेपलीकडे साहेब काय बोलतात तेही सांगायचा. सव्वीस वर्षांचा सराव होता.

घरी मात्र तो ताटाकडे बघून जेवायचा. पाठीमागे चुलीपाशी त्याची बायको नीलम्मा बोलत असायची. ती कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीची. तिचं वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं. तो मध्येच ‘हं’ म्हणायचा.

“दिसभर तीनशे माग ऐकतो, घरी आणि एक,” असं तो आम्हाला हसत सांगायचा.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात नीलम्माच्या गळ्यातली गाठ काढली. गाठ गेली, पण आवाजही गेला. परत येईल, किंवा येणारही नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या शेजारच्याच खोलीत राहायचो. ते घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं. नीलम्मा भिंतीकडे तोंड करून पडून राही. सिद्धप्पा घास हातात धरून पाठीमागून काही ऐकू येतंय का याची वाट बघत बसे. ही आता आपल्याशी कधीच बोलणार नाही, या विचाराने तो खात्यातही हरवल्यासारखा वागायचा.

एका सकाळी त्याने तिच्यापुढे चहा धरला आणि गिरणीतल्यासारखे नुसते ओठ हलवले. तिला काही कळेना. त्याने पुन्हा हलवले. तिसऱ्यांदा तिने बशी आपटली आणि बिनआवाजाचीच कडाडली.

सिद्धप्पा बघतच राहिला. मग मोठ्याने म्हणाला, “मी मुकी झाले, बहिरी न्हाय, आवाजात बोला की! असंच म्हणालीस नव्हं?”

नीलम्माने डोळे बारीक केले. ओठ पुन्हा हलले.

“सव्वीस वर्सं कळलं न्हाय, आज कळलं व्हय?” त्याने तिचा टोमणाही जसाच्या तसा वाचून दाखवला, आणि ती खांदे हलवत हसली.

त्या दिवसापासून ती पुन्हा बोलू लागली. अडचण फक्त कन्नडची होती. गिरणीत सगळे मराठीत ओठ हलवत, त्यामुळे कन्नड ओठ त्याला वाचता येईनात. ती मुद्दाम कन्नडमध्ये रागवायची आणि हा हात जोडायचा, “मराठीत शिव्या दे की गं!”

एकदा चहाच्या सुट्टीत तो मला म्हणाला, “कानानं ऐकताना पाठ करून बसता येतं रं. डोळ्यानं ऐकायचं तर बघावंच लागतं. तिच्या वरच्या ओठावर तीळ हाय. मला ठावंच नव्हतं.”

आवाज काही परत आला नाही.

जानेवारीतली एक संध्याकाळ आठवते. वीज गेलेली, चाळीवर चुलींचा धूर तरंगत होता. दोघं उंबऱ्यावर बसले होते. नीलम्मा दिवसभराचं सांगत होती: दूध नासलं, वाटाणे किडके निघाले, चाळीतल्या दगडाबाईची कोंबडी घरात शिरली. सिद्धप्पा तिच्या तोंडाकडे बघत होता. हळूहळू उजेड ओसरला आणि तिचे ओठ धुरात मिसळून गेले.

“थांब, थांब,” म्हणत तो घाईने उठला. आतून कंदील आणला, सदऱ्याने काच पुसली आणि तिच्या हनुवटीपाशी उंच धरला.

“हां. कोंबडी पिठाच्या डब्यावर बसली. मग?”