सोहमचा बदललेला आवाज

पनागरच्या रस्त्यावर सोहमच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवल्याचा फोन आला, तेव्हा मी शाळेत वर्गावर होते. माझा धाकटा भाऊ घरी झोपलेला असेल, अशी माझी खात्री होती. "राँग नंबर," असं म्हणून मी फोन ठेवूनही दिला... दुसऱ्यांदा वाजला, तेव्हा वर्ग तसाच सोडून निघाले.

तो जाऊन महिना उलटून गेला, तरी माझा गोंधळ संपत नाही.

सोहम मेटल बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे घशातून गुरगुरायचा. आम्हाला घरात एक शब्द कळत नसे, पण त्याचे चाहते काळे टीशर्ट घालून मान झटकत बेभान नाचायचे. गेल्या वर्षी त्यानं ते अचानक सोडलं. गिटार संथ झाली, आवाज खोल आणि स्वच्छ झाला. गाण्यांत कबरी, धुकं, विझलेले दिवे आले. याला गॉथिक रॉक म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं.

"काहून बदललं रे?" मी विचारलं.

"ओरडून थकलो, दीदी. आता लोकांना शब्द ऐकू यावेत, असं वाटून राहिलं."

मला ते आवडलं, चाहत्यांना नाही. एका कॉलेजातल्या कार्यक्रमात "पुराना वाला गा!" असा गलका झाला आणि दुसऱ्या गाण्याला पोरं चक्क पाठ फिरवून उभी राहिली. सगळ्यांत पुढे अंकित, त्याचा जुना चाहता. सोहम त्या पाठींसमोर डोळे मिटून शेवटपर्यंत गात राहिला. परतताना बडा फुहाऱ्याच्या चौकात थांबून त्यानं पोटभर जिलेबी खाल्ली. त्याच्या मनाला लागलं होतं की नाही, मला कळलंच नाही.

तेराव्याला अंकित आला. बसला आणि रडायलाच लागला. "दीदी, उसको पता था. गाने सुनो आप, सब उसी में है." आता ती सगळी पोरं हीच गाणी ऐकतात म्हणे. कबरीचं ते गाणं सोहमनं आमच्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना, स्वतःशी हसत जुळवलं होतं. मरणाची चाहूल लागलेला माणूस असा हसतो का? की हसतही असेल...

विजय नगरच्या घरात त्याच्या खोलीच्या खिडकीवर कापसाची जुनी गादी ठोकलेली आहे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्यानंच लावलेली. परवा मी ती काढायला गेले. एक खिळा उपटला, तेवढ्यात आई दारात आली.

"राहू दे," ती म्हणाली, "आवाज बाहेर जाईल."

कोणता, ते मी विचारलं नाही. खिळा पुन्हा ठोकला.