गोडादऱ्याचा बॉल बनवणारा

१९७७ साल. मी एकोणीस वर्षांचा होतो. दोंडाईच्याच्या स्टेशनवर बाप मला सोडायला आला होता. माझ्याबरोबर शेजारचा भटू होता. भटू माझ्यापेक्षा वर्षभराने लहान, पण तोंडाने तेव्हाही मोठा. भाकरीचं फडकं, ठेचा, एक वळकटी, एवढंच सामान. शेत थोडं आणि भाऊ चार म्हणून मी निघालो. त्यात रडण्यासारखं काही नव्हतं आणि मी रडलो नाही. बाप बोलका माणूस नव्हता. गाडी यायच्या वेळेला एवढंच म्हणाला, "कोनी बी हाक मारी, तं ओ देजो." परक्या मुलखात पोराने कुणाला तोडून वागू नये, असं त्याला म्हणायचं असेल. गाडी हलली तरी तो फलाटावरून हाक मारत राहिला. काही सांगत नव्हता, नुसतं नाव घेत होता. इंजिन धडधडत होतं, डब्यात पोरांचा कालवा होता, तरी मला ती हाक स्वच्छ ऐकू आली आणि मी खिडकीतून ओ दिली. तेव्हा माझे कान तसे होते.

हे मी गावाकडच्या मंडळींसाठी लिहितो आहे आणि आमच्यासारखे जे इकडे आले त्यांच्यासाठीही. शाळा चौथीपर्यंत झाली. चुकलं तर चुकलं, समजून घ्या.

सुरतेत आम्ही दोघं लिंबायतला एका लूमच्या खात्यात लागलो. खातं म्हणजे पत्र्याची मोठी शेड. तिच्यात रांगेने माग उभे आणि प्रत्येक माग बारा तास खडाखडा आपटतो. तिथे माणसाचा आवाज चालत नाही. पहिल्या आठवड्यात मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. मग शिकलो. समोरच्याचे ओठ बघायचे आणि हात बघायचे. तार तुटली की दोन बोटांची कात्री. चहा आला की अंगठा ओठाला. शेठ आला की पोटावरून हात फिरवायचा. काही महिन्यांत भटू आणि मी खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भांडायला लागलो, आणि मधल्या माणसांना पत्ता नसायचा. शिव्यांना आवाज लागत नाही, हे मला सुरतेत कळलं.

गावी यायचो तेव्हा तुम्ही लोक मागून हाका मारायचे. ओट्यावरून, धाब्यावरून, गोठ्यातून. पाठमोऱ्या माणसाशी बोलायची तुमची सवय. मी सरळ पुढे चालत जायचो. मग भावाने सांगितलं, गावात म्हणतात, "हिरामन सुरतले जाईसन माजना." मला राग आला, पण मी खुलासा केला नाही. म्हणा माजलेला. दुसरं काही म्हणवून घेण्यापेक्षा ते मला बरं वाटलं. आणि मी बहिरा नाही. समोर उभं राहून बोला, मला सगळं कळतं.

आता चेतनचं सांगतो. चेतन भटूचा नातू.

आता आम्ही सुरतेतच गोडादऱ्याला राहतो. तिथे आमच्या गल्लीच्या मागे एक रिकामा प्लॉट आहे. त्याचा मालक कोण ते कुणाला माहीत नाही, म्हणून तो आमचा. विजेच्या खांबाला आणि लिंबाच्या झाडाला नेट बांधतात. सकाळी रातपाळीवाले सुटतात आणि दिवसपाळीवाले जायचे असतात, त्या मधल्या वेळात व्हॉलीबॉल होतो. सगळे खात्यातले गडी, जास्त करून आपल्या खानदेशातले, दोन-चार परभणीकडचे. आमच्या बाजूच्या मागे मी माझी निळी प्लॅस्टिकची खुर्ची टाकतो. शेजारी भटू पालथ्या बादलीवर बसतो. बारकू चहाची लारी तिथेच लावतो आणि चहा उकळता उकळता सगळ्यांना खेळ शिकवतो. स्वतः कधी बॉलला हात लावला नाही.

व्हॉलीबॉलमध्ये उडी मारून हाणणारा सगळ्यांना दिसतो. पण त्याला बॉल वर उचलून देणारा जो नेटजवळचा गडी असतो, त्याला आम्ही बॉल बनवणारा म्हणतो, आणि खेळ त्याच्या बोटांत असतो. मागचे गडी बॉल त्याच्याकडे पाठवतात. कुणाला द्यायचा, किती उंच द्यायचा, हे तो एका क्षणात ठरवतो. चेतन सोळा वर्षांचा असल्यापासून आमचा बॉल बनवणारा. त्याच वर्षी तो खात्यातही लागला. त्याचे हात असे, की बॉल बोटांना लागला आणि सुटला हे कळायचंच नाही. समोरच्या टीमचा गडी शेजाऱ्याशी ओठातल्या ओठात बोलला तरी चेतनला कळायचं बॉल कुठे येणार. कामरेजच्या टीमने एकदा भांडण काढलं, की चेतनने आमच्यातल्या कुणाला तरी फोडलंय.

चार वर्षं आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. पोरगा तयार होतोय. यंदा हात बसला, पुढल्या साली उडी येईल. खांदे भरले की मग बघा. बारकू त्याला उकडलेली अंडी द्यायचा आणि सगळ्यांना सांगायचा की अंडी मी देतो. सामन्याच्या आधी कुणीतरी त्याच्या बदली पाळी करायचा, म्हणजे त्याचे हात ताजे राहतील. मीही केल्या, या वयात, गुडघे धरून. भटू मात्र मान हलवायचा. "पोऱ्या अजून कवळा से," म्हणायचा. मी म्हणायचो, "तुझ्या घरात जन्मला म्हणून तुला दिसत नाही." तो म्हणायचा, "तुले काय समजस? तू त नेटले मासा धरानं जाळं समजे." असं आमचं रोज चालायचं.

चुका नव्हत्या असं नाही. मागून गडी "सोड, माझा" म्हणायचा आणि चेतन तरी बॉलवर जायचा. दोनदा तो आपल्याच माणसावर आपटला, एकदा त्याची भुवई फुटली. आम्ही म्हणालो, भूक आहे पोराला. पंचाने शिट्टी मारली तरी तो खेळत राहायचा. बारकू म्हणाला, "मन लागेल से त्यानं. मोठ्या खेळाडूंचं असंच असतं." मी खुर्चीवरून ओरडायचो, "चेतन, उंच दे." तो वळून बघायचा नाही. मला ते आवडायचं. म्हटलं, म्हाताऱ्यांचं ऐकून खेळणारा पोरगा पुढे जात नाही.

यंदा एका कंपनीच्या टीमची निवड कामरेजच्या बाजूला होती. निवडलं तर कंपनीत नोकरी, राहायला खोली, आणि काम म्हणजे खेळ. म्हणजे लूम सुटला. गल्लीतून कुणाचा लूम असा सुटलेला मी पाहिला नाही. माणसं गावी परत जातात, आजारी पडतात किंवा मरतात. वर चढून कुणी सुटत नाही. रविवारी सकाळी मी, भटू आणि चेतन पर्वत पाटियाच्या नाक्यावरून रिक्षाने निघालो. बारकूने डब्यात अंडी दिली होती.

दोरीच्या बाहेर आम्ही दोघं उभे राहिलो. खूप पोरं होती, उंच उंच, चांगले बूट घातलेली. चेतनने पहिले काही बॉल असे बनवले, की दोरीजवळचे परके लोकही बघायला लागले. मी भटूला कोपर मारलं. भटू पहिल्यांदा हसला. तेव्हा मला वाटलं, झालं. आता संध्याकाळी गल्लीत काय सांगायचं तेही मी मनात जुळवून ठेवलं.

मग कोचने खेळ बदलला. मागून हाक येईल तसं बनवणाऱ्याने सोडायचं किंवा घ्यायचं. पहिल्याच बॉलला चेतन एका पोरावर जाऊन आदळला. दुसऱ्यालाही तेच. कोचने शिट्टी मारली, सगळे थांबले, चेतन बॉलखाली हात धरून उभा. कोच त्याच्या पाठीमागे गेला, जवळ उभा राहिला, आणि त्याचे ओठ हलले. चेतन हलला नाही. कोचने पुन्हा केलं. मग तो चालत आमच्याकडे आला आणि माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "काका, इसको सुनाई नहीं देता."

मी म्हणालो, देतं. रोज आमच्याशी बोलतो. तुम्ही परके, तो लाजतो. आणि मी दोरीखालून आत शिरलो, त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि माझ्या छातीत होता तेवढा जोर लावून हाक मारली. पलीकडची पोरं दचकली. चेतनची मान जागची हलली नाही.

भटू समोरच्या बाजूला, मैदानाच्या पार टोकाला गेला होता. केव्हा गेला ते मला कळलं नाही. तिथून त्याचं तोंड हललं, "चेतन." आणि पोराने लगेच हात वर केला. "ओ, आजा."

मी कोचकडे वळलो. म्हणालो, "बघा. एवढ्या लांबून ऐकलं." कोच म्हणाला, "काका, उन्होंने आवाज़ निकाली ही नहीं."

भटूने आवाज काढला होता की नुसते ओठ हलवले होते, हे मला कळलं नव्हतं. मी तिथेच उभा होतो आणि मला कळलं नव्हतं. चार वर्षं आम्ही सगळे त्या प्लॉटवर बसलो, रोज बसलो, त्याची बोटं पाहिली, खांदे पाहिले, आणि आमच्यातल्या कुणाला कळलं नाही. कळणार कसं? आम्ही सगळे त्याच खात्यातले.

कोच वाईट माणूस नव्हता. तपासणी करून घ्या म्हणाला, हात सोन्याचे आहेत म्हणाला. मी त्याच्याशी वाद घालायचा प्रयत्न केला. दुसऱ्या पोराचं नाव घेऊन तो आत गेला.

रिक्षात आम्ही तिघं एका रांगेत बसलो. कुणाचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, म्हणून कुणी बोललं नाही. पर्वत पाटियाला उतरल्यावर चेतन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, मला माहीत होतं. दिवाळीच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही सगळे रोज येऊन बसायचे. कसं सांगायचं?"

भटूने त्याचा डबा हातात घेतला. अंडी तशीच होती.

घरी चेतनच्या आईने विचारलंच नाही. आमच्या तोंडाकडे पाहून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, ती त्याला कधीच हाक मारत नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावते. आम्ही म्हणायचो, लाडावून ठेवलाय. लारीवर मात्र संध्याकाळी सगळे जमले होते. मी सांगितलं. मग बारकू म्हणाला, "कानाचं मशीन मिळतं. मशीन लावून पुढल्या साली जाऊ." लगेच दुसरा म्हणाला, पुढल्या साली उडीही आलेली असेल. बघता बघता सगळे पुन्हा सुरू झाले. एरवी मी सगळ्यांत पुढे असतो. त्या दिवशी मला ना हो म्हणता आलं, ना नाही. चेतन तिथेच उभा होता आणि एकेकाच्या ओठांकडे बघून हसत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची पाळी होती. ती चुकवायला सांगायचं, तर त्याच्या घरात खायचं काय, हे मी सांगू शकत नव्हतो.

भावाचा मुलगा फोन करतो, काका घरी या, आता तिकडे कोण आहे तुमचं. मी फोन कानाला धरतो आणि हां, बरं, म्हणतो. त्यातलं निम्मंही मला कळत नाही, हे आज सांगून टाकतो. गाव वाईट नाही. पण तुम्ही मागून हाक मारता. बापाने सांगितलेलं मला तिथे पाळता येत नाही, त्याच्या मुलखात, त्याच्याच ओट्यासमोर. इथे माझं काही नाही, प्लॉटसुद्धा कुणाचा ते माहीत नाही. पण इथली माणसं बोलायच्या आधी समोर येऊन उभी राहतात. मला हाक पोहोचते आणि मी ओ देतो. घर म्हणून मला आता एवढंच सांगता येतं. ते ज्या खात्याने दिलं, त्यानेच त्या पोराचे कान नेले. हे दोन्ही एका जागी कसं ठेवायचं, मला समजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट बांधलेलं होतं. चेतन पाळीच्या आधी येऊन उभा होता, बोटं चोळत. भटू बादली घेऊन आमच्या नेहमीच्या जागी निघाला. मी खुर्ची उचलली, लिंबाला वळसा घालून नेटच्या पलीकडे गेलो, आणि चेतनला माझं तोंड दिसेल अशी मांडून बसलो.