निजलेला आठवा पोर्ट

आमच्या मेहुण्याइतका जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. माझ्या बायकोचा हा मावसभाऊ जळगावला संगणकाच्या दुकानात कामाला होता. पारोळ्याला आमच्याकडे यायचं म्हणून एस.टी.त बसायचा, खिडकीतून ढग बघत बघत थेट धुळ्याला उतरायचा आणि परतीच्या गाडीनं दुपारी दारात हजर. वर बहिणीला सांगणार, "ताई, धुळ्याकडे ढग काय सुरेख जमलेत!" भरितात मीठ नसलं तरी तल्लीन होऊन जेवायचा, आणि मीठ आणून दिलं की ते पाण्याच्या तांब्यात टाकायचा. तिशी उलटली तरी लग्न नाही. मुलगी बघायला नेलं, तर मुलगी राहिली बाजूला, त्यांच्या बिघडलेल्या रेडिओची विचारपूस करून आला. आम्ही हात टेकले होते.

मी पारोळ्याला खरेदी-विक्री संघात हिशेबनीस. संघानं युनिक्सवर चालणारं मोठं संगणकयंत्र घेतलं आणि त्या एकावर आठ जणांनी काम करायचं ठरलं. त्यासाठी यंत्राला आठ पोर्टांची, म्हणजे तारा जोडायच्या आठ खाचांची, एक पेटी जोडायची आणि एकेका पोर्टला एकेक टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड. काम मेहुण्याकडे आलं. आत बसवायचं कार्ड त्यानं आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन आणलं. त्यावरची बारीक बटणं वरखाली केली, फ्लॉपीतून ते कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम चढवला, आणि यंत्र आपलं कर्नल, म्हणजे आतला गाभा, नव्यानं बांधायला लागलं तसा हा अंगणात निंबाखाली जाऊन बसला. मी म्हटलं, "अरे, लक्ष तरी ठेव!" तर म्हणतो, "जिजाजी, ते आतल्या आत बदलतंय. अशा वेळी बघत बसलं की लाजतं."

संध्याकाळी सात टर्मिनलांवर हिरवी अक्षरं उमटली. आठवं काळंच. ते होतं सुमनच्या टेबलावर. ही पिंपळनेरकडची मुलगी नुकतीच संघात लागली होती. ती हसून अहिराणीत म्हणाली, "साहेब, बठ्ठा उठनात, हाऊच निजेल शे!" मेहुणा तिच्याकडे बघतच राहिला. आठवं सुरू होईपर्यंत तिनं मुख्य यंत्रावर बसून काम करावं असं त्यानं सुचवलं. आता दुरुस्ती त्याच यंत्रावरून करायची, म्हणजे त्याला तिच्या शेजारी बसणं आलंच.

मग तो दर शनिवारी आठव्या पोर्टसाठी येऊ लागला, आणि नवल म्हणजे एकदाही चुकून धुळ्याला गेला नाही. केबल बदलायचा, बटणं चाचपायचा, आणि दोघं तिच्या गावाकडच्या डोंगरांबद्दल, मोहाच्या फुलांबद्दल बोलत राहायची. पोर्ट काही उठेना. हे लग्नापर्यंत जावं असं आम्हाला मनापासून वाटत होतं. दर शनिवारी बायको मला विचारायची, "बोलला का तो?" शेवटी मी त्याला स्पष्टच म्हटलं, "अरे, विचार तिला. मी तिच्या वडलांकडे शब्द टाकतो." निंबाकडे बघत तो म्हणाला, "आधी पोर्ट सुरू होऊ द्या, जिजाजी."

कापसाचा हंगाम सरता सरता एका शनिवारी सुमननं पेढे वाटले. तिचं लग्न ठरलं होतं, सासर साक्रीचं, नोकरी सुटणार. त्याच्या हातावर पेढा ठेवून ती हळूच म्हणाली, "साहेब, मी बहू वाट देखी. आते उठाडा त्याले."

ती घरी गेल्यावर तो मुख्य यंत्रापाशी बसला. मी मागं उभा होतो. त्यानं एक फाइल उघडली, त्यात एकेका टर्मिनलची एकेक ओळ होती. आठव्या ओळीत 'ऑफ' लिहिलेलं. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण ऑन आणि ऑफ कळतं. त्यानं तो शब्द बदलला आणि सुमनच्या टेबलावरचा पडदा क्षणात उजळला. म्हणजे इतके शनिवार त्यानंच तो निजवून ठेवला होता; मला फार वाईट वाटलं. तो उठून तिच्या खुर्चीत जाऊन बसला. पडदा नाव विचारत होता. त्यानं एका बोटानं तिचं नाव टाइप केलं. यंत्रानं पासवर्ड विचारला. तो काही त्याला माहीत नव्हता. हात मांडीवर ठेवून तो तसाच बसून राहिला.