साफ केलेलं रिव्हॉल्व्हर

सिहोऱ्याकडच्या एका गावातला तो गोळीबार मी अजून विसरलेलो नाही. धानाच्या पाण्यावरून दोन शेतकऱ्यांत भांडण धुमसत होतं. त्यातल्या एकाला सकाळी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून जाताना मागून मांडीत गोळी लागली. झाडणारा दिसला नव्हता, तरी दवाखान्यात त्यानं ठासून दुसऱ्याचं नाव सांगितलं. मी तेव्हा ठाणेदार होतो. त्या दुसऱ्याला चौकशीसाठी ताब्यात घेतलं. घरझडतीत काही मिळालं नाही, पण गाव अटकेसाठी अडून बसलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. रडली नाही. म्हणाली, "साहेब, काल दुपारी शेजारचे बाबाजी घासलेट मागाले आले होते. त्याईच्या घरी गॅस हाय, इन्व्हर्टर हाय. मंग घासलेट कायले पायजे होतं?"

बाबाजींकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर होतं. पंच घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः कपाटातून ते काढून दिलं. "कित्येक वर्षांत झाडलं नाही, साहेब."

नळी आतून चकचकीत होती आणि घासलेटचा वास येत होता. मी सिलिंडर बाहेर काढून पुढची बाजू पाहिली. गोळीच्या एका घराभोवती काजळीचं काळं कडं होतं आणि नळीच्या मागच्या तोंडाशी शिशाचा करडा थर चिकटलेला होता. सरावानंतर आम्हाला हीच जागा पितळी ब्रशनं घासावी लागे, फडक्यानं ती निघत नाही. घाईत साफ करणारा फक्त नळी पुसतो. रिव्हॉल्व्हर सीलबंद करून, मांडीतून काढलेल्या गोळीसोबत नागपूरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. पण अहवालाची वाट पाहत मी बसणार नव्हतो.

ठाण्यात बाबाजींनी लगेच कबुली दिली. "मीच झाडली. लिहून घ्या."

"कुठून झाडली?"

"मोटारपंपाजवळून. तो समोरून येऊन राहिला होता."

जखम मागून होती आणि हे आम्ही गावात कुणाला सांगितलं नव्हतं. मी लिहिणं थांबवलं. "बाबाजी, तुम्ही फक्त साफ केलं. झाडली कोणी?" घरात ते कपाट उघडू शकणारा दुसरा एकच होता. मी त्यांच्या मुलाला बोलावलं आणि बापासमोर बसवून तोच प्रश्न विचारला. बापाकडे न पाहता तो बोलला, "मी झाडली. त्यानं आमचंही पाणी तोडलं होतं. बाबाले सोडा." झाडलेल्या काडतुसाची पुंगळी त्यानं धानाच्या तणसाच्या ढिगात लपवली होती. पंचांसमक्ष त्यानंच ती काढून दिली.

मुलाला अटक झाली. पुरावा नष्ट केल्याबद्दल बापावरही गुन्हा नोंदवला. म्हाताऱ्याची कीव आली, पण आपल्या मुलाच्या जागी शेजारी आत बसला आहे हे ठाऊक असूनही ते गप्प राहिले होते. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही जुळला.

शेजाऱ्याला सोडलं तेव्हा त्याची बायको ठाण्याच्या पायरीवरच थांबली. "साहेब, तुमी सोडलं. पण गावात कोण सांगन का यानं काही केलं नाही?"

मी जीप काढायला लावली. ग्रामपंचायतीसमोर लोक जमवले, त्याला माझ्या बाजूला उभं केलं आणि तो निर्दोष आहे हे सर्वांच्या तोंडावर सांगितलं. जीपमधून नेलेला माणूस गाव पाहतं, सुटून आलेल्याकडे कोणी लक्ष देत नाही. त्यानंतर सेवेत असेपर्यंत, निर्दोष ठरलेल्या प्रत्येकाला मी स्वतः त्याच्या गावात पोचवत राहिलो.