रेडिओवर भांडणारी काकी

काकीला स्टुडिओत कुणी बोलावलं नव्हतं. ती भांडायला आली होती. अड्याळच्या बाजाराजवळ, एका संस्थेच्या दोन खोल्यांत आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र नुकतंच सुरू झालं होतं आणि मी तिथे निवेदिका होते. त्या सकाळी ‘रोपवाटिकेतील भातरोपांची पुनर्लागवड’ मी मोठ्या ठसक्यात वाचली होती. दुपारी आसगावची ही बाई दारात उभी. पायांवर चिखल वाळलेला.

“सकाळी कोन बोलत होती? पऱ्हे म्हन, रोवना म्हन! बांधीत वाकलेल्या बाईले तुह्यं काय समजन?”

आमच्याकडे भाताच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, लावणीला रोवणा, खाचराला बांधी. तेव्हाचे व्यवस्थापक हसले आणि तिलाच माइकसमोर बसवलं. आठवड्यातले तीन दिवस तिचे झाले.

काकी कागद घेऊन कधीच बसली नाही. आल्या आल्या आधी कुणावर तरी चिडायची, पंख्यावर, माझ्यावर, चहा आणणाऱ्यावर, आणि त्याच सुरात कार्यक्रम सुरू करायची. “घरी बोलतो तसंच इथं बोलाचं. रेडिओ काय पाहुना हाय?” कोंढा गावच्या बाया शेताच्या धुऱ्यावर, बांधावर मोबाइल ठेवून रोवणा करता करता तिला ऐकत. ज्यांनी जन्मात कधी रेडिओला फोन केला नव्हता त्या फोन करून तिच्याशी हुज्जत घालत.

एका साली कालव्याचं पाणी शेवटच्या शेतांपर्यंत येईना. आम्ही पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. ते म्हणाले, “तांत्रिक कारणास्तव विसर्गात व्यत्यय आला आहे.”

“म्हंजे काय झालं, साहेब?”

“म्हणजे... गेट उघडत नाहीये.”

“असं सांगा ना. मंग कवा उघडन?”

साहेब गप्प. काकीही गप्प. मी घाबरून गाणं लावायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं. सगळा तालुका ती शांतता ऐकत होता. शेवटी साहेब पुटपुटले, “परवा.” आणि परवा पाणी आलं.

पुढे संस्थेत नवे सचिव आले. ‘हाय’ आणि ‘नोको’ ऐकून त्यांना केंद्राची लाज वाटू लागली. हाच माणूस घरी आईशी अगदी काकीसारखाच बोलायचा, मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. त्यांनी मला काकीसाठी शुद्ध भाषेत मजकूर लिहायला सांगितला. मी लिहिला. नोकरी होती, म्हणून लिहिला. काकीने पहिली ओळ वाचली, थांबली आणि माइकमध्येच म्हणाली, “हे माह्यं बोलनं नाही.” कागद टेबलावर ठेवून ती उठून गेली. पुढच्या आठवड्यापासून तिच्या वेळेला सिनेमाची गाणी लागली. तिच्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग संगणकावर होतं. गाण्यांना जागा हवी म्हणून तेही पुसून टाकलं. कुणी मला विचारलं नाही, आणि कळल्यावर मीही ओरडले नाही.

मागच्या वर्षी केंद्राची स्मरणिका काढायचं ठरलं. इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार पानं लिहिली, त्यातली अडीच काकीवर. ती वाचून दाखवायला आसगावला गेले. काकी खाटेवर पडून होती, श्वास लागत होता. मला वाटलं, खूश होईल. ती उठून बसली.

“‘रोपे म्हणा, रोवणी म्हणा’? असं म्या कवा म्हनलं व? तो सचिव तं परका. तू काहून बदलवून राहिली मले?”

तिचं प्रत्येक वाक्य मी नकळत धुऊन स्वच्छ केलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले. ती रागारागात सांगत गेली, मी खोडून पुन्हा लिहीत गेले. “आता वाच,” म्हणाली. वाचलं. ती आडवी झाली. “हां. आता मी बोलून राहिली.”

स्मरणिका निघायच्या आधीच ती गेली.

सचिवांनी ती अडीच पानं काढून टाकली. ‘भाषेचा दर्जा’ असं कारण दिलं. त्या जागी स्वतःचा, सत्कारात गळ्यात हार घातलेला फोटो टाकला. या वेळी मी ओरडले. त्यांच्या खोलीत, दार उघडं ठेवून, माझ्या घरच्या बोलीत. “कोनाची लाज वाटते तुमाले?” बाहेरचे सगळे ऐकत होते. मग छापायला जाणाऱ्या मजकुरात उरलेल्या दीड पानाखालचं माझं नाव मी त्यांच्यासमोर खोडलं आणि घरी आले.