मागच्या बाजूचं बकल

दादाच्या कमरेचं माप टेलरताईने स्वतःच्या हाताने घेतलं होतं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तीस वर्षं पायी टपाल वाटलं, आता डोक्यातलं सगळं पुसत चाललेलं, म्हणून वृद्धाश्रमात. तिथल्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "कंबर धरते त्यांची. आधाराला पट्टा शिवून द्या, बकल मागे घ्या." हिने जाड कापड आणून दुहेरी टीप मारून दिली. बकल मागे कशाला, एवढं विचारायचं सुचलं नाही. अक्कल शेण खायला गेली होती!

दर रविवारी भेटायला जावं तर दादा कॉटवर पडलेला. सात महिन्यांनी ती न कळवता मंगळवारी गेली, तर दादा त्याच पट्ट्याने खुर्चीला बांधलेला.

"दहा वाजले की दाराकडे धावतात," मॅनेजरबाई म्हणाल्या. "गाडीखाली आले तर? आणि दाखल करतानाच्या संमतीच्या फॉर्मवर तुमचीच सही आहे ना!"

टेलरताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तक्रार ठोकली. आठवड्याने तपासणी अधिकारी आले.

"बहिणीच्या सहीने कुणाला बांधता येत नाही," ते फॉर्म बाजूला सारत म्हणाले. "डॉक्टरांचा दाखला कुठाय? परवानगी कुणाची, किती दिवसांची? यांना स्वतःला कुणी विचारलं?"

"त्यांना काय कळतंय?"

"कळत नाही म्हणूनच त्यांच्या बाजूने बोलणारा माणूस लागतो." मग ते दादासमोर बसले. "आजोबा, कुठे जायचंय?"

"इथेच बरं वाटतं त्यांना," मॅनेजरबाई मध्येच.

"तुम्हाला नाही विचारलं."

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "दहा वाजले. टपाल द्यायचंय."

"सोडा त्यांना," अधिकारी म्हणाले. "रोज दहाला कुणीतरी सोबत न्यायचं. आज लेखी देतो."

टेलरताईने बकल सोडलं. दादाने खुर्चीचे हात घट्ट धरले, जोर केला. गुडघे थरथरले, पण ढुंगण काही उचललं गेलं नाही. पुन्हा जोर केला. पुन्हा तेच.

"बघा!" मॅनेजरबाई म्हणाल्या. "जायचंच नाहीये त्यांना."

या बाईच्या थोबाडावर पट्टा फेकून मारावा, असं टेलरताईला वाटलं. तिचा हात वर गेलासुद्धा. तेवढ्यात दादाने तो धरला आणि धाकटीची समजूत काढावी तसा म्हणाला, "राहू दे गं. आज सुट्टी असेल."