कंस, टोपी, रेघ, टोपी, कंस

शामकला बारावी पास होती आणि ही गोष्ट तिने तेवीस वर्षांत गावाला एकदाही विसरू दिली नव्हती. बोदलकसा तलावाच्या वाटेवरच्या त्या गावात ती सून म्हणून आली, तेव्हा घरात अक्षर ओळखणारी दुसरी बाई नव्हती. तळ्याच्या पाण्याच्या पाळीची नोटीस येवो, कोर्टाचा कागद येवो, नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका येवो, शामकला ओसरीवर उभी राहून खणखणीत आवाजात वाचून दाखवायची. अंगणात माणसं जमायची. वाचून झालं की ती कागदाची घडी घालायची आणि सगळ्यांकडे एकदा नजर फिरवायची. त्या नजरेसाठीच ती वाचायची, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही.

अशी ही बाई त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्याच निरक्षर जावेवर जळू लागली, आणि तेही कशावरून, तर कंसावरून.

थोरली जाऊ जमुनाबाई. थोरले दीर उमराव वारले त्याला दहा वर्षं झाली होती; मूलबाळ नव्हतं. शामकलाचा एकुलता एक मुलगा हिमांशु याच जावेच्या मांडीवर वाढला, कारण शामकलाला बचत गटाच्या बैठका असायच्या, लोकांचे अर्ज लिहायचे असायचे. पोरगा जमुनाबाईला मोठी माय म्हणायचा. आईला मम्मी म्हणायचा. हा शब्द शामकलानेच हौसेने शिकवला होता. आता तोच तिला बाजारातून आणल्यासारखा वाटायचा आणि ‘माय’ जावेकडे गेली म्हणून पोटात दुखायचं.

हिमांशु तिरोड्याला आयटीआय करून पुण्याजवळच्या एका कंपनीत लागला. तिथून आईच्या मोठ्या फोनवर त्याचे व्हॉट्सअ‍ॅप यायचे. ‘जेवलो.’ ‘हो.’ ‘ठीक आहे.’ शामकला तेही ओसरीवर उभं राहून वाचायची. “हिमांशु जेवला म्हणते!” नवरा उमेंद्र मान डोलवायचा. एका शब्दाच्या मेसेजात वाचण्यासारखं काय असणार? पण बाईने हौस सोडली नाही.

जमुनाबाईचा फोन बटणांचा. कमरेच्या पिशवीत असायचा. दिवसातून एक-दोनदा तो वाजायचा, मग ती पिशवीतून काढून डोळ्यांपासून हातभर लांब धरायची आणि गालात हसायची. कधी हसायची नाही. मग दिवसभर तो फोन पुन्हा पुन्हा काढून बघायची.

एकदा शामकलाने विचारलंच. “का हाये वो बाई? कोनाचा मेसेज?”

“पोराचा. तोंड पाठवते तो मले.” जमुनाबाईने फोन पुढे केला. पडद्यावर होतं: (^_^)

शामकलाने सवयीने मोठ्याने वाचायला घेतलं. “कंस... टोपी... रेघ... टोपी... कंस.” आणि थांबली. अंगणात धान पाखडणाऱ्या बाया हसल्या. फोनमधल्या तोंडावर नव्हे, तिच्या वाचण्यावर हसल्या. असं तेवीस वर्षांत प्रथमच झालं होतं.

“वाचायचं नाही ना वो ते,” जमुनाबाई समजुतीने म्हणाली. “पाहायचं असते. जपानचे लोक काढतात म्हने असे. डोळ्यायकडे पाहायचं. डोळे वर गेले का हासते. खाली धार लागली का रडते. आपन दारात रांगोळीचा चौक काढतो ना, तसंच. ठिपके आन् रेघा.”

उन्हाळ्यात हिमांशु आला होता, तेव्हा दोघं दुपारभर फोनात डोकं घालून खिदळत होती, ते शामकलाला आठवलं. बटणांच्या फोनवर ते रंगीत गोल चेहरे नुसते चौकोन होऊन येतात, म्हणून पोराने ही साधी चिन्हांची तोंडं शोधली होती. स्टारचं बटण दाबलं की सगळी चिन्हं समोर येतात, एवढं जमुनाबाई शिकली होती. अ की ब तिला ठाऊक नव्हतं, आणि ती पोराला उलट तोंड पाठवत होती! शामकलाच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग तिने काय करावं? तिने नेटवर जपानी तोंडं शोधली. पानंच्या पानं सापडली. मिठी मारणारी, नाचणारी, जेवणाचं ताट उलथवणारी. त्यातलं सगळ्यात लांबलचक, गुबगुबीत गालांचं, दोन्ही हात पसरलेलं निवडून तिने हिमांशुला पाठवलं: (づ｡◕‿‿◕｡)づ

अर्ध्या तासाने उत्तर आलं. ‘मम्मी, फोन कोणाजवळ आहे?’

‘माझ्याजवळच आहे,’ तिने लिहिलं.

‘ओके.’

हा मेसेज मात्र तिने ओसरीवर वाचला नाही.

त्यानंतर तिला चैन पडेना. हिमांशुचं प्रोफाइल ती दिवसातून दहादा उघडून बघायची. फोटोखाली पूर्वी कंपनीचं नाव होतं, तिथे आता (T_T) होतं. आजकालच्या पोरांची फॅशन, असं म्हणून तिने ते सोडून दिलं. मंडई तोंडावर आली होती. दिवाळीनंतरची ही मंडई म्हणजे गावाचा खरा सण. लेकी-जावई, सोयरे, सगळे येतात, घराघरात पाहुण्यांची पंगत उठते आणि दुसरी बसते. हिमांशुने आईला कळवलं, ‘सुट्टी नाही. येत नाही.’ तिने विचारलं, बरा आहेस ना? ‘हो.’

त्याच दिवशी जमुनाबाईचा फोन वाजला आणि ती पदर डोळ्याला लावून बसली. कोणी काही विचारलं तर नुसती मान हलवायची. शामकलाला वाटलं, माझ्या पोराचं सुखदुःख हिच्या पिशवीत बांधलेलं आहे आणि मला मिळतो तो ‘हो’. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि असा आला की तिला आपलीच भीती वाटली.

मंडईच्या आदल्या दिवशी दुपारी जमुनाबाई तळ्यावर आंघोळीला गेली. पिशवी खुंटीला होती. शामकलाने फोन काढला. आत तोंडंच तोंडं. हसरी थोडी, धार लागलेली जास्त. ती बघता बघता तिचं डोकं फिरलं. बटण दाबत दाबत, एकेका अक्षराला चार-चार वेळा दाबत, तिने शुद्ध, सुरेख मराठीत लिहिलं: ‘मला आता खूप काम असते. मला मेसेज पाठवत जाऊ नकोस. जे काही सांगायचे ते तुझ्या आईला सांग.’ पाठवलं. फोन पिशवीत, पिशवी खुंटीला. कोणी पाहिलं नव्हतं. झालं, मिटलं, असं ती स्वतःला म्हणाली आणि वड्यांचं पीठ भिजवायला बसली.

पीठ भिजेपर्यंत तिचा फोन वाजला. हिमांशु स्वतः बोलत होता.

“मम्मी, ते तू लिवलं ना?”

“कोनतं?”

“मोठ्या मायच्या फोनवरून. तिले अक्षर येत नाही, मम्मी.”

शामकलाचे पिठाचे हात तसेच राहिले. गावात अक्षर येणारी म्हणून मिरवणाऱ्या बाईला ही एक गोष्ट सुचली नव्हती. नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून तिने उलट विचारलं. “मले काऊन नाही पाठवत रे तू ते तोंडं? मी का परकी हाओ?”

त्याच्या मागे मशीनचा घरघराट येत होता.

“तू वाचून दाखवते ना सगळ्यायले,” तो म्हणाला. “मी आठवीत होतो तेव्हा चिठ्ठी पाठवली होती. भोजराज काकाच्या हातानं.”

तिला आठवलं. विसरली कधी होती? आमगावच्या वसतिगृहात पोरांना फोन नव्हता. शेजारचा भोजराज चिठ्ठी घेऊन आला आणि तिने ती ओसरीवर उभं राहून वाचली. ‘मम्मी, मला इथे रडू येते. मी उशीत तोंड घालून रडतो म्हणजे कोणाला ऐकू जात नाही. मला घेऊन जा.’ किती छान वाचली होती तिने! आवाज नेमका जिथे कापायला हवा तिथे कापला होता. तीन बायांनी डोळे पुसले होते. मंडईला पोरगा घरी आला, तेव्हा गावची पोरं त्याला उशीवाला म्हणून हाका मारू लागली. दोन वर्षं मारत होती. त्यानंतर त्याने आईला जे काही लिहिलं, ते अंगणात वाचलं तरी चालेल असंच लिहिलं.

“ते तोंडं वाचून दाखवता येत नाही कोनाले,” हिमांशु म्हणाला. “म्हनून.”

“का झालं रे तुले तिथं?” तिने हळूच विचारलं.

“काही नाही. ठेवतो.”

फोन ठेवल्यावर तिने प्रोफाइल उघडलं. फोटोखाली ते दोन टी तसेच होते, आणि मधली रेघ. डोळ्यांकडे पाहायचं, जमुनाबाई म्हणाली होती. शामकलाने पाहिलं. पंधरा दिवस ते तिच्यासमोर होतं आणि तिने ते रोज वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडई. सकाळपासून अंगण पाहुण्यांनी भरलं. जमुनाबाई चुलीशी वडे तळत होती, उमेंद्र सोयऱ्यांना चहा देत होता. शामकलाचा फोन वाजला. तिने आधी जावेच्या कमरेच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी वाजली नव्हती. खरं सांगायचं तर तिला त्याचाच आधी आनंद झाला. स्वभाव एका रात्रीत कुठे जातो?

मग तिने फोन उघडला. अक्षर एकही नव्हतं.

(T_T)

“पोट्ट्याचा हाये का?” उमेंद्र हौसेने म्हणाला. “का लिवलं? वाच ना जोरानं, पाहुने आयकतील!”

कपबशा थांबल्या. सगळं अंगण तिच्याकडे बघू लागलं. चुलीपाशी झारा हातात धरून जमुनाबाईही बघत होती. तेवीस वर्षं ज्या नजरांसाठी ती जगली, त्या सगळ्या तिच्यावर होत्या. शामकलाने फोन उलटा करून छातीशी धरला.

“जेवला म्हणते,” ती म्हणाली.